निळा उजेड आहे तोवर

आमच्या गावात तणनाशकाला औषध म्हणतात, आणि माझी चिडचिड तिथूनच सुरू होते. उसात तण मातलं की औषध मारायचं, तंबाखूवर अळी पडली की औषध मारायचं, आणि औषध संपलं की डबा विहिरीच्या कट्ट्यावर विसळायचा. मी बेळगावात कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. गावी आले की दर वेळी सांगायची, अहो, ते औषध नव्हे, विष आहे. तर उत्तर यायचं, "व्हय की, तणाला विषच की ते." म्हणजे आपल्याला नाही. झालं, विषय संपला.

गाव निपाणी आणि चिकोडीच्या मधलं. नदीचं पाणी पाइपातून येतं, पण ते त्याच्या मर्जीनं येतं, म्हणून प्यायला गाव अजून जुन्या विहिरीवरच आहे. विहिरीवर मोटर, मोटरीतून टाकी, टाकीतून खालच्या नळांना. मोटरीच्या पाइपाला कट्ट्याजवळ एक तोटी आहे. फवारणीचे बॅरल तिथंच भरायचे, कारण तिथं पाणी हाताशी. रबरी पाइप बॅरलात बुडवून सोडायचा आणि तोवर गप्पा हाणत बसायचं. मध्येच करंट गेला की मोटर बंद पडायची आणि बॅरलातलं पाणी औषधासकट त्याच पाइपातून उलटं विहिरीत ओढलं जायचं. हे किती वर्षं चाललं होतं देव जाणे. मुद्दाम कुणी केलं नाही. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, मला धडपणे भांडता तरी आलं असतं.

हे सगळं उजेडात आलं ते माझ्या भावजयीमुळं. माझा धाकटा भाऊ शेती बघतो, त्याची ही बायको. माहेर चिकोडीचं, बोलायला मोजकी, पण एकदा मनात घेतलं की हलायची नाही. लग्नानंतर दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हातचं गेलं. दुसऱ्या खेपेनंतर ती एकटीच एसटीनं बेळगावला माझ्याकडं आली. पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि म्हणाली, "वन्सं, ह्ये तुमच्या कॉलेजात तपासून मिळतंय का? पाण्याला वास येतोय. घरात कुणाला येत न्हाय, मला येतोय."

मी तपासून घेतलं. आमच्याकडं तेवढं मोठं यंत्र नाही, बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावं लागलं. उसातलं तणनाशक निघालं. त्या पाण्याचा आणि तिच्या दुःखाचा संबंध डॉक्टरांनी जोडला नाही. मीही जोडला नाही, जोडताच येत नाही कुणाला. पण तिनं जोडला. त्या दिवसापासून ती विहिरीचा थेंब प्यायली नाही. भाऊ तिच्यापुरता निपाणीहून पाण्याचा कॅन आणायला लागला.

आता माझं बघा. माझं सगळं शिक्षण ह्याच एका गोष्टीवर झालेलं. पाण्यात विरघळलेलं असलं विष अतिनील किरणांनी फोडायचं. घरात भिंतीवर टांगतात त्या मशीनमध्येही किरणांचा दिवा असतो, पण तो जंतू मारण्यापुरता. औषधाचा रेणू त्यानं सहजासहजी फुटत नाही. दिवा जास्त ताकदीचा लागतो आणि पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडावं लागतं. किरण त्या पेरॉक्साइडचे तुकडे करतात आणि ते तुकडे औषधाच्या रेणूला कुरतडून संपवतात. कॉलेजात ह्यावर मी वर्षानुवर्षं बोलले, फळ्यावर बाण काढले, कॉन्फरन्समध्ये टाळ्या घेतल्या. आणि माझ्या स्वतःच्या गावात माझ्याच घरची सून पाण्याला घाबरते. मला स्वतःची लाज वाटली. मी ठरवलं, गावच्या टाकीला असं मशीन बसवायचंच.

ठरवणं सोपं. पंचायतीचे सरकारी अधिकारी म्हणजे पीडीओ साहेब, त्यांना दोन शब्द फार आवडायचे. "नाळे नोडोण, मॅडम." उद्या बघू. मी दर शनिवारी जायची आणि दर शनिवारी उद्या बघूया असायचं. एकदा मी खुर्चीच ओढून बसले आणि म्हटलं, "साहेब, मी इथंच थांबते, उद्या होईपर्यंत." त्या दिवशी सही झाली. दिव्याचं भांडं, म्हणजे स्टीलचा लांबोडका सिलिंडर, बेळगावजवळच्या मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपात बनवून घेतलं. तिथल्या वेल्डरनं दिवा बघून विचारलं, "मॅडम, हेच्याकडं उघड्या डोळ्यानं बघितलं तर आमच्यागत डोळं येत्यात न्हवं? डोळ्यात वाळू घातल्यागत?" मी त्याला मोठ्या कौतुकानं समजावलं की हो, अगदी तेच, तुमच्या वेल्डिंगच्या ठिणगीत असतात तेच हे किरण, दुपारी बघितलं की संध्याकाळी डोळे सुजतात. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आहे. म्हणून पुढचं सगळं जास्त लागतं.

सिलिंडरच्या आत एक काचेची नळी, क्वार्ट्झची, साध्या काचेतून हे किरण जात नाहीत. त्या नळीत दिवा, नळीभोवतून पाणी वाहणार. शेवटी कोळशाची छोटी टाकी, उरलंसुरलं पेरॉक्साइड मारायला. बाजूला बोटाएवढी एक खिडकी ठेवली होती, डोळ्याला धोका नसलेल्या जाड काचेची. त्यातून निळा उजेड दिसायचा. तोटीला उलटं पाणी जाऊ नये म्हणून व्हॉल्व्ह बसवला तो वेगळाच. त्यावरही भांडण झालं, बॅरल भरायला वेळ लागतो म्हणून.

राहिला होता एक मीटर. दिव्यातून किती किरण पाण्यात पोचतात ते मोजणारा. तो बाहेरून यायचा होता, आणि उद्घाटनाची तारीख पंचायतीनं परस्पर ठरवून टाकली, कारण त्या दिवशी मोठी माणसं मोकळी होती. मी म्हटलं, मीटर मागाहून लावू. महिन्याच्या महिन्याला नमुना तपासायला पाठवणारच आहे, मीटरवाचून काय अडतंय? फीत कापली, नारळ फुटला, फोटो झाले. मीटरचं मागाहून राहिलं ते राहिलंच.

मशीन सांभाळायला आप्पा. आप्पा म्हणजे आमच्या भावकीतले, पंचायतीचे वॉटरमन. टाकी भरणं, नळ सोडणं, सगळं त्यांच्याकडं. मी परकरात होते तेव्हापासून मला ओळखतात. शाळा चौथीपर्यंत, पण हात असा की बिघडलेली मोटर आवाजावरून ओळखणार. मशीन आल्यापासून त्या खोलीत ते चप्पल घालून गेले नाहीत. मी त्यांना पेरॉक्साइड कसं घालायचं ते शिकवलं, नळी महिन्यातून एकदा मऊ फडक्यानं पुसायला शिकवली. आणि सगळ्यात आधी, भिंतीवर मराठीतून आणि कानडीतून तक्ता लावला त्यावर पहिल्या ओळीत लिहिलं: खिडकीत निळा उजेड आहे तोवर मशीन चालू आहे.

हे वाक्य चुकीचं आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं. काम करतात ते किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. निळा दिसतो तो दिव्याचा बिनकामाचा उजेड. पण चौथी शिकलेल्या माणसाला एवढं कशाला सांगा, असं मला वाटलं. सोपं करून सांगायची सवय असते ना आम्हा मास्तर लोकांना. आप्पांनी मात्र तो तक्ता पाठ केला. रोज सकाळी खिडकीला डोळा लावायचे आणि मला फोन करायचे, "पोरी, हाय उजेड." मी चहा पीत म्हणायची, "हाय ना? मग झालं तर."

पहिले काही महिने नमुने स्वच्छ आले. औषधाचं नाव नाही. गाव मशीनचं पाणी प्यायला लागलं, मी कॉलेजात मिरवायला लागले. आणि भावजयीला पुन्हा दिवस गेले. ती अजून कॅनवरच होती. आता हे गावात लपतं का? नळावर बाया बोलायला लागल्या, "मशीन बसवलं लेकीनं, आन् घरची सून पितीया कॅनचं." हे माझ्या कानावर आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणे गावभर सांगत फिरणार पाणी प्या पाणी प्या, आणि माझ्याच घरात कॅन. मला ते सहन झालं नाही. काळजीनं नाही हो, अहंकारानं. आज लिहिताना ते स्पष्ट दिसतं.

दसऱ्याला मी गावी गेले. आदल्या दिवशी खंडेनवमी होती, मला कॉलेज होतं म्हणून येता आलं नव्हतं. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा. नांगर, खुरपी, विळे, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, आता मुलांचे लॅपटॉपसुद्धा, जे जे राबतं त्याला त्या दिवशी विश्रांती आणि हळदकुंकू. मशीनचीही पूजा झाली होती. खोलीच्या दाराला झेंडूची माळ, सिलिंडरवर कुंकवाची बोटं, पुढं नारळाची करवंटी. बघून मला बरंच वाटलं, गावानं आपलं मानलं म्हणून.

आप्पा मात्र काळा चष्मा लावून बसले होते. डोळे लालबुंद, पाणी गळत होतं. "रातभर वाळू खुपल्यागत हुतंय," म्हणाले. पूजेला आलेल्या आणखी दोघा-तिघांचं तेच. मी म्हटलं, "डोळे आलेत. साथ असंल. एकमेकांचा टॉवेल वापरू नका." एवढं बोलून मी पिशवीतले थेंब त्यांच्या हातावर ठेवले आणि खिडकीला डोळा लावला. निळा उजेड झकास दिसत होता.

तिथून घरी गेले. भावजय भाताला फोडणी देत होती. नुकता चौथा लागला होता, चेहरा धास्तावलेला, हात सारखा पोटावर. मी आपट्याची पानं तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "सोनं घे आणि आजपासून तो कॅन बंद कर. लोक काय म्हणतात ऐकलंस का?"

तिनं पानं फळीवर ठेवली. मग म्हणाली, "वन्सं, मशीन बरोबर चाललंय न्हवं?"

"आत्ता बघून आले. उजेड आहे."

"तुमी म्हणताय म्हणून पिते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर प्याले नसते."

तिनं माझ्यासमोर नळाच्या कळशीतून तांब्या भरला आणि उभ्यानं प्यायली. मला इतकं समाधान वाटलं की मी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

दिवाळीच्या सुट्ट्या आल्या, प्रयोगशाळेतलं यंत्र बिघडलं, मग त्यांचा माणूस रजेवर गेला. नमुन्याचा निकाल यायला मार्गशीर्ष उजाडला. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तो उघडला. वाटलं चुकून विहिरीचा नमुना गेला असेल, मशीनच्या आधीचा. बाटलीवरची चिठ्ठी फोनवर विचारून घेतली. मशीननंतरचाच होता. विहिरीत जेवढं औषध, जवळजवळ तेवढंच नळाला. मी तास टाकून निघाले.

वाटेत बसमध्ये मी सगळ्यांना दोष देऊन झाले. पेरॉक्साइड संपलं असणार, आप्पांनी सांगितलं नसणार. पंचायतीनं दिवा बदलला असणार, स्वस्तातला घातला असणार. कुणीतरी व्हॉल्व्ह काढला असणार. गावी उतरले ती तरातरा टाकीच्या खोलीत. आप्पा होते. खिडकीत उजेड होता. पेरॉक्साइड भरलेलं होतं. मी म्हटलं, "मशीन बंद करा आणि नळी काढा."

आप्पांनी हात धुतले, पंचाला पुसले आणि नळी बाहेर काढली.

नळी तपकिरी झाली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाचपाच बोटांचे पट्टे, तांबडे आणि पिवळे, आणि सगळ्यावर चकचकीत साय धरल्यासारखा थर. मी नखानं खरवडलं तर निघेना. मला क्षणभर कळेचना मी काय बघतेय.

"हे काय आहे?"

"पूजेचं की," आप्पा म्हणाले. चेहरा असा, की कौतुक करेल ही आता. "खंडेनवमीला केलती. सगळी त्या भांड्यालाच कुंकू लावत हुती. मी म्हटलं, भांड्याला लावून काय उपेग? राबतंय कोण? आतलं. मग आतल्यालाच काढलं बाहीर. राखंनं घासलं, समई घासताव तसं. घाण्याचं करडीचं तेल लावलं, हळदकुंकवाची बोटं वडली, पाटावर ठिवलं. आन् त्यातला दिवा लावून आरती केली. लई गोड दिसत हुतं पोरी, निळं निळं. समदी हात जोडून बघत हुतो."

समदी हात जोडून बघत होतो. उघड्या दिव्याकडं! रात्रभर डोळ्यात वाळू. आणि मी मच्छेच्या वेल्डरला शिकवणारी बाई, मी त्यांना डोळ्यांचे थेंब देऊन साथ आली म्हणून सांगितलेलं. करडईचं तेल उजेडात वाळून व्हार्निशसारखं घट्ट होतं, हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. राखेनं काच खरवडली, वर तेल, तेलात कुंकू, आणि त्यावर तासभर उघडे किरण. ह्याहून पक्कं झाकण मला प्रयोगशाळेतही करता आलं नसतं. निळा उजेड तेवढा त्यातून झिरपत होता. कोळशाची टाकी एवढीशी, तिनं चार दिवस औषध अडवलं असेल नसेल, मग तीही भरून गेली.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बापाच्या वयाच्या माणसाला मी अडाणी म्हणाले, देवभोळा म्हणाले, अख्ख्या गावाला विष पाजलंत म्हणाले. आणखीही एक बोलले. "तुम्हाला पुसायला शिकवलं होतं ना महिन्याच्या महिन्याला? मग का नाही पुसली?"

"पूजेचं कुंकू पुसत्यात व्हय?" आप्पा हळूच म्हणाले. "म्होरल्या खंडेनवमीला धुवायचं. आन् उजेड तर हुता की. रोज बघत हुतो. तूच म्हणलीस, उजेड हाय तवर काळजी न्हाय."

त्यांनी भिंतीकडं बोट केलं. माझ्याच अक्षरातली पहिली ओळ. मी ती ओळ पुन्हा वाचली. ह्या माणसानं माझा शब्द खाली पडू दिला नव्हता. रोज सकाळी, न चुकता, मी सांगितली ती खूण बघितली होती. शब्दच फोल होता, आणि तो फोल आहे हे लिहिताना मला माहीत होतं.

मी नळी रागारागानं पिशवीत कोंबली आणि घरी गेले. वाटेत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. दसऱ्यापासून ती पितेय. मी सांगितलं म्हणून पितेय.

भाऊ अंगणात भेटला. त्याला सगळं सांगितलं. तो मला गोठ्याकडं घेऊन गेला आणि म्हणाला, "आक्का, तिला सांगू नगं. सहावा लागलाय. आत्ता कुठं जरा हसाय लागलीया. कळलं तर खचंल ती. प्यालेलं पाणी आता काय म्हागं येतंय?"

मी त्याच्याशी वाद घालायला हवा होता. मी प्रत्येकाशी वाद घालते, पीडीओशी, प्रिन्सिपलशी, रिक्षावाल्याशी. त्या दिवशी घातला नाही. मला तेवढंच निमित्त हवं होतं. मी घरात गेले आणि तिला म्हटलं, "मशीनचं सर्व्हिसिंग काढलंय गं. थोडे दिवस कॅनचं पी."

"बरं," ती म्हणाली. तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं. मग कळशी उचलून परसात ओतून आली.

त्यानंतर चार-आठ दिवसांतच ती चिकोडीला माहेरी गेली. सातव्यात जातातच, दोन-तीन आठवडे आधी गेली म्हणून कुणी काही म्हटलं नाही. मी त्याच संध्याकाळी गावभर फिरून दारोदारी सांगितलं होतं, की मशीन बंद आहे, पाणी काही दिवस नुसतं वापरा, पिऊ नका. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, "आधी तर हेच पीत हुतो की," म्हणाले. मला त्याचीही चीड आली. इतकी वर्षं हेच पीत होतो, हे काय उत्तर झालं? पण वर तोंड करून बोलायची सोय मी ठेवली नव्हती. नवी नळी मागवली. ह्या खेपेला मीटर आधी बसवला, मग मशीन सुरू केलं. तक्ता स्वतः फाडला आणि आप्पांना जमिनीवर बसून, खडूनं, सगळं खरं खरं सांगितलं. न दिसणारा किरण, दिसणारा उजेड, मीटरचा काटा. अर्धा तास लागला. त्यांना एका दमात समजलं. म्हणाले, "म्हंजी दिसतंय ते काम करत न्हाय, आन् काम करतंय ते दिसत न्हाय. हे आधीच का न्हाय सांगितलंस?"

फाल्गुनात तिला मुलगी झाली. वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला. भावाचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते, पोरींसमोरच रडले. आणि तेवढ्यात डोक्यात आलं, की आता सांगायची गरजच उरली नाही. सगळं नीट झालं की. हे सुचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, ते मी लपवत नाही.

बारशाला चिकोडीला गेले. खणाचं झबलं नेलं, चांदीचं वाळं नेलं. पाळण्याभोवती बायांची गर्दी होती. ती सरली तेव्हा भावजय मला आतल्या खोलीत घेऊन गेली, मुलीला माझ्या मांडीवर दिलं आणि तांब्याभांडं पुढं ठेवलं.

"वन्सं, पानी घ्या. कॅनचंच हाय."

मी भांडं उचललं. ती समोर बसली.

"मी म्हायेरी यायच्या आधी आप्पा आलते," ती म्हणाली. "नारळ घिऊन. माझ्या पाया पडाय लागलं, मी मागं सरले. आप्पा म्हणलं, 'पोरी, माझ्या हातनं असं असं झालंय, दसऱ्यापासनं तू ते पानी प्यालीयास. काय व्हायचं आसंल त्येला मी कारण हाय. डॉक्टरला सांग.' मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडं गेले. त्या म्हणल्या, काय सांगता येत न्हाय, लक्ष ठिवू. म्हणून मी लवकर आले हिकडं. मग तीन म्हैने झोपले न्हाय, वन्सं."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. मांडीवरची पोर झोपेत ओठ हलवत होती. मी म्हटलं, "अगं, तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"व्हय, ते कळलं की मला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "मशीन बिघडतंय. मानूस चुकतंय. त्येचं काय न्हाय. पर ज्येनं चूक केली त्यो दारात येऊन सांगून गेला. आन् जिच्या सांगण्यावरनं मी प्याले, ती सर्व्हिसिंग म्हणाली."

चूक माझी होती असं सांगायला मी तोंड उघडलं. आप्पांनी स्वतःवर घेतलं ते खरं नाही, तक्ता मी लिहिला, मीटर मी टाळला, कॅन मी बंद करायला लावला, तेही लोक काय म्हणतील म्हणून. हे सगळं मी त्या दिवशी तिला सांगितलं. अडखळत, उलटंसुलटं, रडत. तिनं ऐकून घेतलं. मधेच उठून मुलीची दुपटी नीट केली. शेवटी म्हणाली, "बरं झालं सांगितलासा." एवढंच.

निघताना मी दारात चपला घालत होते. मला राहवलं नाही, मी विचारलं, "आता नळी नवीन आहे, मीटर आहे, दोन नमुने स्वच्छ आलेत. गावी आलीस की तिथलं पाणी पिशील का?"

"पीन की," ती म्हणाली. "रोज आप्पास्नी इचारीन आन् पीन."

आता ती गावी आहे, मुलगी रांगायला लागली आहे. परवा खंडेनवमी झाली. सिलिंडरला बाहेरूनच कुंकू लावलं, नळीला कुणी हात लावला नाही, आप्पा दारात राखणीला बसले होते. रोज सकाळी ते मीटरचा काटा बघतात आणि पहिला फोन माझ्या भावजयीला करतात. तिनं कळशी भरली की मग कधीतरी, आठवण झाली तर, मला.